तिची वीत

ताई जाऊन पंधरा दिवस झाले, तरी भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो सापडेना. लग्नातले होते, पण ती पोरगी आमच्यातल्या कुणालाच आता ओळखीची वाटत नव्हती. आणि भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, सव्वीस वर्षं फोटो काढण्याचीच नोकरी केलेला माणूस! पुलाला कुठे भेग पडली, कुठे लोखंड उघडं पडलं, ते टिपून कचेरीत द्यायचं, हे त्यांचं काम.

कचेरीनं दिलेला तो खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा म्हणजे नुसतं खेळणं. उन्हात नेला की मागच्या पडद्यावर चित्राऐवजी आपलंच कपाळ दिसायचं. डोळा लावून बघायची सोय नाही, म्हणजे सगळा मामला अंदाजपंचे. बटण दाबलं की आधी टुंई वाजायचं आणि फोटो निघायचा मागाहून, सावकाश. पूल काही पळून जात नव्हते. ताई मात्र टुंई झालं की मान वळवायची.

दुपारी मी आणि भाऊजी कॉम्प्युटरसमोर बसलो. तळ्याकाठी ताईची वेणी. टेकडीवर ताई मुंगीएवढी, मोठी करावी तर चेहऱ्याच्या जागी चार-सहा चौकोन. झाडाखाली आभाळ पांढरंफटक आणि ताई काळीठिक्कर.

"एक तरी नीट काढायचा होता, भाऊजी!"

"सांगायचो तिला, टुंई झालं तरी थांब. म्हणायची, मला दुसरी कामं नाहीत का?"

अहवाल वाचावा तसं सांगितलं त्यांनी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा दिवसांत या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस नाही! खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. दात काढताना जबडा बधिर करतात, तशी मी आतून झाले होते.

रागारागात मी भलतंच काहीतरी उघडलं. कचेरीचे फोटो निघाले. करडी भिंत, आडवी भेग आणि भेगेशेजारी पसरलेला एक हात. अंगठ्याखाली इस्त्रीचा डाग. तो डाग मीच दिलेला, सहा वर्षांची असताना. पुढच्या फोटोत तोच हात. त्याच्या पुढच्याही.

"नुसत्या फोटोवरून भेग केवढी ते कळत नाही," भाऊजी म्हणाले. "शेजारी मापाला काहीतरी लागतं. एका रविवारी मी टेप विसरलो. ही सोबत होती. म्हणाली, माझी वीत घ्या. मग सवयच पडली."

"आणि हलायची नाही?"

"छे! फोटो निघेपर्यंत हूं की चूं नाही. कामाचं आहे, म्हणायची." मग म्हणाले, "पावणेआठ इंच."

नखांवरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. त्यातला एक छापून घेऊन आम्ही फ्रेमवाल्याकडे गेलो. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"हा तर भिंतीचा फोटो आहे. यात माणूस कुठाय?"

"हात आहे ना," मी म्हटलं.

"मग भेग कापून टाकतो. नुसता हात मोठा करून देतो."

"नको," भाऊजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "भेग राहू द्या शेजारी. नाहीतर हात केवढा होता ते कळायचं नाही."