विलासभाऊंचे बुटके

माझं आणि विलासभाऊंचं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं.

बुटक्यांवरून.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. आणि आज अभिमानाने सांगते, ते भांडण मी हरले.

ज्यांना आमचं खूळ माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही सहा जण एक रविवार सोडून यवतमाळजवळ लोहाऱ्याला नाझीमभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात जमतो आणि टेबलावर युद्ध खेळतो. फासे, मोजपट्टी, उरलेल्या फ्लेक्सवर छापलेला नकाशा आणि बोटाएवढ्या सेना. निखिलचे राक्षस. माझे उंच वनलोक. विलासभाऊंचे, जमिनीखाली खणणारे बुटके.

विलासभाऊ वणीहून लाल बसने यायचे. तिकडच्या एका भुयारी कोळसा खाणीत पंपावर होते. बुटके त्यांनी स्वतः बनवले होते. भंगारातल्या नटबोल्टचं अंग, पुट्टीची दाढी. एकूण बारा.

खेळण्यापेक्षा आमचं बोलणंच जास्त. वनलोक मेल्यावर झाड होतात का? राक्षसांना आई असते का? (यावर दोन अख्खे रविवार गेले.)

वाद मिटवायचे नियम दोनच.

दावा टेबलासमोर उभं राहून मांडायचा. वर्षभरात मांडला नाही तर बाद.

आणि जो हरला, त्याने जिंकलेल्याचं म्हणणं आमच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहायचं.

त्या दिवशी मी म्हटलं, "भाऊ, तुमचे बुटके सोन्याचे लोभी आहेत. जगभरच्या खेळांत तसंच असतं."

"काहून वं बीए?" मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते, म्हणून माझं नावच बीए. "ज्यायनं हे लिवलं, त्यातलं कोणी उतरलं का कधी खाली?"

"मग खणतात कशाला?"

"आमी खणतो ते वरच जाते ना! आमच्यापाशी काय राह्यते? खोकला."

सगळे हसले. मी हट्टाला पेटले. "मग बुटक्यांचा खजिना काय?"

"दिवे," ते म्हणाले.

आता तर निखिल खुर्चीतून पडायचाच राहिला होता. भाऊंनी पिशवी उचलली. बसची वेळ झाली होती. "पुढच्या टायमाले सांगतो."

मी म्हटलं, "सांगू नका. सिद्ध करा."

हे माझं त्यांच्याशी शेवटचं वाक्य.

गुरुवारी घरीच त्यांचं हार्ट बंद पडलं.

पुण्यानुमोदनाला आम्ही पाचही जण वणीला गेलो. ज्योतीवहिनींना वाटलं होतं, यवतमाळचे मित्र म्हणजे कोणी साहेब लोक असतील. आम्ही सांगितलं, आम्ही बाहुल्या खेळतो. त्या रडता रडता हसल्या.

मला राहवलं नाही. विचारलं, "वहिनी, भाऊ दिव्यांचं काय म्हणायचे?"

"लॅम्प रूमचं म्हणत असतील," त्या म्हणाल्या. "खाली जाताना जो तो आपल्या नंबरच्या खुंटीवरून टोपीचा दिवा घेते. वर आला की तिथंच लावते. खुंटी रिकामी म्हणजे माणूस खाली. हे घरी येऊन बी फोन लावत. सगळे दिवे आले का म्हणून. स्वतःची ड्यूटी संपली तरी."



नंतर परीक्षा, निकाल, मग नोकरीची शोधाशोध. मी पास झाले. आमच्या घरातली पहिली बीए. वर्ष कसं गेलं कळलंच नाही, आणि मागच्या रविवारी निखिल म्हणाला, "बुटक्यांचा दावा आज बाद होते. वहीतून खोडू?"

"थांब. मी मांडते."

"तू? तू तर विरोधात होती!"

"म्हणूनच मांडते."

"ज्याचा दावा त्यानं मांडावा."

नाझीमभाईंनी मशीन बंद केली. "ऐसा कहाँ लिखा है? बोलने दे उसको."

मी उभी राहिले. लॅम्प रूमचं सांगितलं. भाऊंच्या फोनचं सांगितलं.

निखिल ऐकत होता, पण सोडणाऱ्यातला नाही. "ठीक आहे. सोनं नाही, जमीन नाही. मग तुमचे बुटके लढतात कायले?"

"एक खुंटी रिकामी आहे म्हणून."

"एका माणसासाठी अख्खी फौज?"

"तो एक तू असशील तर?"

निखिलने पेनसाठी हात पुढे केला. "दे. लिहितो."

मी पेन दिलं नाही. वाद माझा आणि भाऊंचा होता. हरले मी होते.

मी लिहिलं: बुटके सोनं साठवत नाहीत. त्यांच्या गावाच्या दाराशी दिव्यांची भिंत असते. खुंटी रिकामी असेल तोवर बुटके लढाई सोडत नाहीत.

निखिलने लगेच राक्षस मांडले. "चल, खेळून दाखव."

बुटके माझ्या हाती. तिसऱ्याच डावात त्याने एक पकडला आणि नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. एरवी असा गडी आम्ही गेला म्हणून सोडून देतो.

मी किल्ल्यातून सगळे बाहेर काढले.

"पागल झाली का? किल्ला उघडा टाकला!"

नदीवर राक्षसांनी अडवलं. फासे टाकले. सहा. पुन्हा सहा. नाझीमभाई टेबलावर थापा मारत होते. निखिलच ओरडला, "अबे, पोहोचले!"

अकरा गेले होते. बारा परत आले.

विलासभाऊ, सिद्ध झालं.

तुमच्या आठवणीला आम्हा सगळ्यांचा मानाचा जय भीम.