नौदलाच्या ऑर्डरची वाट

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

माझा धाकटा भाऊ मुंबईला जहाजांच्या कारखान्यात वेल्डर आहे. आज त्याचा फोन आला. हातातलं काम संपलंय आणि साहेब लोक नौदलाची ऑर्डर मिळवायला दिल्लीला गेलेत. "थांबू का गावी, भालकीला परत येऊ?" त्यानं विचारलं.

मी फोन अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना दिला. ऐंशीच्या दशकात तेही तिथंच वेल्डर होते. आजी आजारी पडली म्हणून ते परतले, एवढंच आम्हाला माहीत होतं.

अप्पा म्हणाले, "आमच्या टायमालाबी असंच झालतं. मी थांबलो न्हाई. इथं येऊन साखर कारखान्यात ऊस उतरवायला लागलो. पुढं ऑर्डर आली, मला बोलावलं. पण वेल्डिंगच्या परीक्षेत माझा जोड फुटला. हाताची सवयच गेलती."

"मग घरी पैसे कसे पाठवू?" भावानं विचारलं.

"कामून काळजी करतोस? तू थांब तिथंच. घर मी बघतो."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी मला हळूच विचारलं, "ऑर्डर येईल का रे खरंच?"

तुमच्यापैकी कुणी अशा कारखान्यात असाल तर सांगा. अप्पांना मी काय उत्तर देऊ?