पालखीचा खांदा आणि जांघेतली गाठ

माझे धाकटे दीर दौलत ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये फिटर आहेत. विजेच्या मोटारी दुरुस्त करतात, चौघांनी उचलायची मोटार दोघांत उचलतात आणि वर ते सगळ्यांना सांगत फिरतात. शिमग्याला कोकणात आमच्या गावची पालखी नाचवायची, तर पुढचा खांदा त्यांचाच. अशा माणसाला दुखणं होऊ शकतं यावर त्यांचाच विश्वास नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली. खोकलं, वजन उचललं की बाहेर. आडवं झालं की गायब. भावजींनी स्वतःच निदान केलं, रोज जिरते म्हणजे तेल लागू पडतंय! थंडीभर एरंडेल चोळलं, वरून पट्टा आवळला. जागा अशी, की कुणाला दाखवायची लाज. धुवायला टाकलेला तेलकट पट्टा मला सापडला आणि मग मी कसली गप्प बसते? रिक्षात घातलं आणि नौपाड्यात डॉक्टर सुमेधा बर्व्यांकडे नेलं.

बाईंनी त्यांना उभं करून खोकायला लावलं. "हा हर्निया, म्हणजे अंतर्गळ. ही गाठ नाहीच. इथे पोटाची भिंत कमजोर झाली आहे, त्या फटीतून आतडं बाहेर येतं. आडवे झालात की आत जातं, बरं होत नाही. तेलाने फट बुजायची नाही. ऑपरेशन करून जाळी बसवावी लागेल."

"पालखी झाल्यावर करू ना. खांदा कोण देणार?"

"आणि नाचवताना आतडं अडकलं तर? त्याचं रक्त बंद होतं. असह्य कळा, उलट्या. माणूस जागीच खाली बसतो."

भावजींचा चेहरा उतरला. नाचवताना आमची पालखी जमिनीला टेकू देत नाहीत. स्वतःच्या जिवासाठी हा माणूस हलला नसता, देव खाली येईल म्हणून हलला. मला रागही आला आणि हायसंही वाटलं.

"लवकरची तारीख द्या," ते म्हणाले.

शिमग्याला भावजी खळ्यात, पालखी नाचते त्या अंगणात, नुसते उभे होते, वजन उचलायला अजून मनाई होती. ढोल सुरू झाला तसे त्यांचे डोळे भरले. माझेही. त्यांच्या जागी त्यांचा लहानपणचा दोस्त सखाराम होता. कुणी विचारलं की भावजी खणखणीत आवाजात सांगत, "हर्निया झालेला, जांघेत. ऑपरेशन केलं." बायकांसमोर! मी पदर तोंडाला लावला.

नाच रंगात आला आणि सखारामने एक हात हळूच जांघेवर दाबला. भावजींनी नेमकं पाहिलं. गर्दी सारत ते पुढे घुसले.

"सख्या, कधीपासून?"

"काय नाय रे. आडवा झालो की जाते."

भावजींनी मागे उभ्या असलेल्या एका गड्याला खूण केली, त्याचा खांदा दांड्याखाली सरकवला आणि सखारामला बखोटीला धरून बाहेर काढलं.

"अरे, मान आहे माझा!" सखाराम ओरडला.

"देवाला खांदे पुष्कळ आहेत रे. तू उद्या माझ्यासोबत ठाण्याला येतोयस."