शेजारीण आणि तिची खाट

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी पेटली त्याच्या आधीपासून आमच्या शेजारणीचं तोंड चालू होतं, आणि भट्टी निदान दुरुस्तीला तरी बंद ठेवतात. हे वाचून कुणाला ती भोचक वाटली तर खुशाल वाटो. मी शाळेतून दमून येणारी, दाराला आतून कडी घालणारी बाई. उगाच कुणाची तारीफ करत नाही. पण सेक्टर सहामध्ये माणसं राहायला आली ती कारखान्यासाठी, आणि एकमेकांना ओळखू लागली ती हिच्यामुळे, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

आमच्या ओळीत पंजाबी, तेलुगू, बंगाली, मल्याळी; कुणाचं कुणाला कळत नसे, म्हणून सगळ्यांची दारं बंद. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातली ही बाई मात्र पाळी सुटल्याचा भोंगा झाला की खाट रस्त्याच्या कडेला ओढायची आणि घरी परतणाऱ्या सायकलवाल्यांना थांबवायची. ती कधी कुणाला काही विचारत नसे. आधी स्वतःचं सांगायची, आणि तेही आपली फजिती झालेलंच. "मोठेपणा सांगतला का माणूस हो हो म्हणते अन् चालला जाते," तिनं मला समजावलं होतं. "फजिती सांगतली का तो बसते, बाई. त्याले आपली आठवते."

तिची ठेवणीतली फजिती म्हणजे भिलाईतल्या सुरुवातीच्या दिवसांतली. सगळी क्वार्टरं एकसारखी, सगळ्यांचं सामान अजून गाठोड्यांत. बाजारातून येताना ती मागच्या ओळीत भलत्याच घरात शिरली. तांदूळ दिसले, नवऱ्यानं आणले असतील म्हणून भात टाकला. "भात शिजला अन् दारात हा उंच सरदारजी! म्या पदर घेतला, म्हटलं, ते ड्युटीवर गेले, मंग या. बिचारा बाहेर जाऊन नंबर वाचून आला अन् म्हणते, बहनजी, मेरे घर में मुझे भी थोड़ा चावल मिलेगा क्या?"

हे ऐकून एका तेलुगू वेल्डरनं खाटेवर बसून आपली काहीतरी लांबलचक हकिकत तेलुगूत सांगितली. हिला त्यातलं अक्षर कळलं नाही. तरी तिनं त्याला ती पुन्हा सांगायला लावली आणि योग्य जागी हसली.

पुढे एक बंगाली गृहस्थ मान वळवून ऐकता ऐकता सायकलसकट खाटेवर आदळले. तक्रार त्यांनी केली नाही, दुसऱ्या कुणीतरी केली. वसाहतीची देखरेख करणारा बाबू आला आणि बजावून गेला, की खाट पुन्हा बाहेर दिसली तर क्वार्टर खाली करावं लागेल. तिचा नवरा आधीच घाबरट.

"आता घरात बस वो. क्वार्टर गेलं तं कोठी राहाचं?"

"घरात कोनाशी बोलू? भित्तीशी? भित्त बी कंपनीची हाय."

पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं खाट आत घेतली. सायकली सरळ जाऊ लागल्या आणि दारं पुन्हा लागली. मला वाटलं होतं, बरं झालं, आता शांतपणे वह्या तपासता येतील. त्या शांततेत मला एक वही धड तपासता येईना. शेवटी एका संध्याकाळी मी माझी खाट बाहेर ओढली आणि तिला हाक मारली. माझं क्वार्टर माझ्या नावावर होतं; घाबरायला घरात नवरा नव्हता.

बाबू आलाच. खाट कुणाची? माझी. ही बाई कोण? माझी पाहुणी. आणि हे एवढे लोक? म्हटलं, तेही पाहुणे. खाट रस्त्यावर नाही, माझ्या पायरीला लागून आहे. हवं तर मोजून घ्या. आणि पाहुणे बोलवायला मनाई असेल तर तसं लिहून द्या, मी वरच्या साहेबांना दाखवीन.

बाबूनं वाकून खाट आणि पायरीमधलं अंतर पाहिलं. शेजारीण मात्र सरकून बसली. "उभे कावून राहता साहेब? बसा. मी एकदा भलत्याच्याच घरात शिरली होती..."

भात शिजेपर्यंत तो उभा होता. सरदारजी दारात आला तेव्हा तो बसला. मग खाली बघत म्हणाला, की ह्या ओळींवरचे नंबर आपणच उभं राहून रंगवून घेतले आणि पहिल्या रात्री आपलंच क्वार्टर सापडेना. बायको गावाकडे, विचारायचं कुणाला? खाटेबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही.

नंतर तिच्या नवऱ्याची बदली नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीवर झाली. निघताना रडारड करायला आम्हा दोघींनाही वेळ नव्हता. भांडी बांधायची होती.

गेल्या थंडीत मी तिच्याकडे गेले. बसमधून उतरले आणि समोरच्या दारातल्या अनोळखी बाईला पत्ता विचारला. तिनं मला नीट न्याहाळलं. "आप भिलाईवाली मास्टरनी बाई हैं ना? वो राशन लेने गई है। आप अंदर बैठिए।" मग आत वळून सुनेला म्हणाली, "चाय में अदरक मत डालना।"

माझे यजमान सकाळी स्वतः आलं किसून चहा करायचे. ते गेल्यापासून मी आल्याचा चहा घेत नाही. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि मला रागच यायला हवा होता. सून म्हणाली, "क्यों?" त्या बाईनं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.