मांडीवरचं मडकं

तुम्ही सगळे विचारता ना, माझं लग्न का झालं नाही म्हणून? सांगतो. आधी चहा ओता. या भानगडीत माझी लाज तर गेलीच, पण आईसुद्धा गेली. म्हणजे गेली नाही. तिथंच तर सगळा घोळ आहे.

तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणायचे आणि आम्ही भांदकला राहायचो. चांद्याच्या महाकालीच्या जत्रेत मी एक मुलगी पाहिली. पाळणेवाल्यानं तिच्या मैत्रिणीला अर्ध्यातच उतरवलं, तर तिनं त्याला असं काही फैलावर घेतलं की बिचाऱ्यानं पाळणा पुन्हा फिरवला. मी तिथल्या तिथं गार! लग्न केलं तर हिच्याशी, नाहीतर कुणाशीच नाही. आईनं इकडून तिकडून शब्द टाकला, जीव खाऊन खटपट केली आणि मुलगी बघायचा दिवस ठरवला.

मुलीचे वडील गोंडराजांच्या समाध्यांमागच्या बोळात राहायचे. निरोप आला, पाहुण्यानं समाध्यांजवळ उतरावं, आम्ही घ्यायला येतो. आता मला सांगा, सोयरिकीसाठी मसणवटीत उभं राहायचं, हे तेव्हाच खटकायला हवं होतं की नाही?

त्यात वैशाखाचं ऊन. माझ्या डोक्यात उन्हाळी फोड आले होते, म्हणून आईनं न्हाव्यापुढे बसवलं. त्यानं डोकं साफ तासलं. मग मिशी सारखी करताना एका बाजूला वस्तरा घसरला, म्हणून दुसरी बाजूही गेली. आई म्हणाली, टोपी घाल, कोणाले समजते. अंगावर पांढरा सदरा, कोरं पांढरं धोतर, खांद्यावर पांढरं उपरणं आणि हातात मातीचं मडकं, लाल फडक्यानं तोंड बांधलेलं. मडक्यात मध होता, मोहर्लीच्या जंगलातला, ओळखीच्या गोंड बाईकडून खास आणवलेला. खाली ठेवलं तर कलंडेल, मांडीवरच धर, असं आईनं दहादा बजावलं.

मोटार अशी भरली होती की श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याला विचारून. उकाड्यानं मी टोपी काढून खिशात कोंबली. कंडक्टर म्हणाला, मडकं टपावर द्या. मी म्हटलं, हे खाली ठेवता येत नाही. त्यानं माझ्या टकलाकडे पाहिलं, मग मिशीच्या जागेकडे, मग मडक्याकडे.

"कुठी उतरता भाऊ?"

"समाध्यांजवळ."

झालं! मोटार चिडीचूप. आमच्याकडे अस्थींचं मडकं भुईला टेकवत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. समाध्यांपलीकडे झरपट नदी, म्हणजे अस्थी पाण्यात शिरवायची सोयही तिथंच. एक पागोटेवाला मुकाट्यानं उठला आणि मला खिडकीजवळची जागा मिळाली.

खरं सांगायला हवं होतं. सांगणारही होतो हो! पण बूड टेकलं, वारा लागला आणि मग सत्याची घाई राहिली नाही.

शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं हळूच विचारलं, कोण गेलं बाबू? मी नुसता सुस्कारा टाकला, तोही उकाड्याचा. "माय?" ती म्हणाली. मी मान खाली घातली. हलवली नाही बरं का, नुसती खाली घातली! म्हातारी पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. तिला तिची माय आठवली असेल. मी पडलो रडका. तिला बघून माझ्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मग तर मागच्या बाकापर्यंत सगळे हळहळले.

कंडक्टरनं मोटार वाकडी वळवून थेट समाध्यांपुढे उभी केली. लोकांनी टोप्या काढल्या. म्हातारीही तिथंच उतरली. नदीवर आंघोळ केल्याबिगर कोणाच्या घरात जाऊ नोको, असं मला बजावून ती बोळात शिरली.

मी टोपी चढवली आणि एका दगडी घुमटाच्या सावलीत मडकं मांडीवर घेऊन बसलो. मस्त गारवा होता. एवढे राजे तिथं आडवे झाले होते, पण जागेसाठी कुणालाही सोंग करावं लागलं नव्हतं. मला मात्र तेव्हा माझं फार कौतुक वाटत होतं.

थोड्या वेळानं मुलीचे वडील आले आणि मला घरी घेऊन गेले. ओसरीवर स्वच्छ सतरंजी होती. दाराआड बांगड्या वाजल्या. मुलीच्या आईच्या हातात मडकं देऊन मी म्हटलं, आईकडून आहे, गोड मानून घ्या. माउलीनं ते भक्तिभावानं नेऊन देवापुढं ठेवलं.

आणि आतून पोह्यांची ताटली घेऊन कोण आलं म्हणता? तीच म्हातारी! मुलीची सख्खी आत्या.

ताटली खाली पडली. आत्याबाईंनी भिंतीचा आधार घेतला.

"अवो वहिनी, हा तं मायच्या अस्थी तुमच्या देवापाशी ठेवून राह्यला!"

पुढं काय सांगू? मुलीची आई किंचाळली, वडील ताडकन उठले. मी धावत देवघरात गेलो, फडकं सोडलं, मडक्यात बोट बुडवलं आणि सगळ्यांसमोर चाटलं. खात्री पटावी म्हणून! आत्याबाई तिथंच आडव्या झाल्या.

दाराआड मुलगी खुदकन हसली. ते हसू मला अजून ऐकू येतं. तिला समजलं होतं. पण तिला विचारतो कोण?

वडिलांनी मध चाखला, आत्याबाईंच्या तोंडावर पाणी मारलं, मला समोर बसवलं आणि शांतपणे विचारलं, मंग मोटारीत रडले काऊन? मी खरं ते सांगितलं. जागा मिळाली होती.

"बसाच्या जागेपायी ज्यानं जित्या मायले मारलं, त्याले मी पोरगी देऊ? उद्या पाणी आलं तं छत्रीपायी तिलेही मारन."

मडकं उचलून बाहेर पडलो. समाध्यांपुढं उभा राहिलो तेव्हा मरावंसं वाटत होतं. एखादा राजा जरा सरकून घेईल तर बरं, असंही वाटलं. आई घरी गोडाधोडाचं करून बसली असणार, हेही आठवलं.

परतीला मोटार तीच, कंडक्टर तोच. मडकं अजून माझ्याच हातात बघून तो गहिवरला. त्याला वाटलं, मायला सोडवत नाही याच्यानं. त्यानं पुन्हा कुणाला तरी उठवलं. मी नको नको म्हणत होतो, तरी बसवलंच. या खेपेला मी भांदकपर्यंत खरोखरचा रडलो, आणि सगळी मोटार माझी समजूत घालत होती.

भांदकच्या थांब्यावर आई उभी होती. नवं लुगडं नेसून! मी पायरीवर असतानाच तिनं ओरडून विचारलं, जमलं काय रे बाबू? मोटारीच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं बघत होती. कंडक्टर माझ्या पाठीवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाला, "ह्या बाई कोण जी?"

मी म्हणालो, "मावशी."

आईनं ऐकलं. मोटार धुरळा उडवत निघून गेली. मग तिनं माझ्या हातातलं मडकं घेतलं, माझ्याच उपरण्यानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"चाल, मावशीच्या घरी. जेवाले मात्र तुह्या मायले मांगजो."