टाकीत पाणी भरलंस का?

मला एका जागी बसता येत नाही. शिकवतानासुद्धा मी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालते, आणि लातूरच्या क्लासमधली पोरं माझी नक्कल करतात हे मला ठाऊक आहे. विषय रसायनशास्त्र. पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, हे मी दर वर्षी प्रत्येक बॅचला घसा फोडून सांगते. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणी समजणार नाही.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, उभा जन्म नांदेड-देगलूर रस्त्यावर टॅक्सी चालवली. धंदा बंद झाला, पण ती पांढरी अँबॅसिडर राहिली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शटरच्या आड. गेल्या दोन वर्षांपासून अण्णांना विसर पडू लागलाय. चहा झाला का, पाण्याची मोटार बंद केली का, कुलूप लावलं का, एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा. पण गाडीचा विषय निघाला की माणूस ताळ्यावर. यंदा त्यांचा एकच हट्ट होता: दसऱ्याला गाडीतून देगलूरला अक्काकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे, सोनं द्यायला जायचं. चालवायची मी, ते शेजारी बसणार.

आईला ते धूड डोळ्यांसमोर नको होतं. तिनं एक अट घातली. "ह्यांनी शेडमधी एकदा जरी काही उलटंसुलटं केलं, तर गाडी इकायची. मंग मला कुणी काही बोलायचं न्हाई." अण्णांनी मान डोलावली. मीही डोलावली. अट अण्णांसाठी होती, त्यामुळे मला तिची काळजी वाटली नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी नांदेडला आले, तर गाडीची पेट्रोलची टाकी तळाशी गंजून थेंब थेंब गळत होती. गॅरेजच्या मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "ताई, टाकी उतरवा, पाण्यानं काठोकाठ भरून ठेवा, मंग वेल्डिंगला मला बोलवा. रिकाम्या टाकीत वाफ राहती, ती भरलेल्यापरीस लई खतरनाक." मला कोण शिकवतंय, असं मनात आलंच. तरी सगळं नीट केलं. बॅटरीची वायर काढली, गाडी ढकलत अंगणात आणली, चाकांना दगड लावले, मोबाईल घरात ठेवला. पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात उतरवलं आणि डबा लांब भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवला. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. मी पाना उलटा धरला की नुसतं खाकरायचे.

टाकी खाली आली तेव्हा चार वाजून गेले होते. नळाला पाणी नव्हतं. हौदातून बादल्या ओढायच्या म्हणजे वीस-पंचवीस खेपा, आणि मला तर बाजारात जायचं होतं, झेंडू आणायचा होता, क्लासच्या पेपरांचं बघायचं होतं. मी टाकी तशीच उघड्या तोंडानं शेडमध्ये ठेवली, म्हटलं वाळू दे. मांजरं शिरतात म्हणून शटर ओढलं.

"पाणी भरलंस का?" अण्णांनी विचारलं.

"भरते."

जेवताना पुन्हा तेच. हात धुताना पुन्हा. चौथ्या वेळी मी वैतागले. "भरलं हो अण्णा! सगळं भरलं!"

"बरं," ते म्हणाले. चहाबद्दल, कुलपाबद्दल मी त्यांना असंच उत्तर देत होते. तोंड बंद करायची सोपी युक्ती. लाज वाटते लिहिताना.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा असते. आईनं सकाळीच शेडमध्ये पाट मांडला. पाने, जॅक, स्क्रू ड्रायव्हर धुऊनपुसून ओळीनं ठेवले, आणि मधोमध ती टाकी. तिला हळदीकुंकवाची बोटं, गळ्याला झेंडूचा हार. गाडीचा भाग आहे, मग पूजेत नको का? आईचं काहीच चुकलं नव्हतं. टाकी रिकामी झाली, आता भीती नाही, हे मीच तिला सांगितलं होतं. बाहेर वारं होतं, निरांजन टिकणार नाही, म्हणून तिनं शटर अर्धं खाली ओढलं आणि दिवा लावून आणायला स्वयंपाकघरात गेली.

मी अंगणात मिस्त्रीशी फोनवर बोलत फेऱ्या मारत होते. अण्णा शटरखालून वाकून आत गेलेले दिसले. आतून आवाज आला. ठण्ण. बोटाच्या पेरानं रिकामी टाकी वाजवल्याचा. पुन्हा ठण्ण.

त्या आवाजानं माझे पाय जागीच थिजले. आई पेटतं निरांजन घेऊन शटरपासून चार पावलांवर होती. अण्णा वाकत बाहेर आले, सरळ तिच्यासमोर उभे राहिले आणि पेटत्या वाती तुपासकट चिमटीत धरून विझवल्या.

"अवो! सणाच्या दिवशी दिवा विझवला!" आई ओरडली. "डोस्कं फिरलं काय तुमचं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विसर नव्हता. मग ते आईला म्हणाले, "चुकलं माझं."

आणि मी गप्प राहिले. सहज बोलता आलं असतं. आईनं ताट खाली ठेवलं, डोळे पुसले, आत जाऊन आत्याला फोन लावला. "अक्का, ह्यांचं आता काही खरं न्हाई. दिवा विझवला हातानं. गाडी इकून टाकते, दसरा झाला की." अण्णा नळाजवळ बोट पाण्याखाली धरून ऐकत होते. नळाला त्या दिवशी भरपूर पाणी होतं.

मला तिथं उभं राहवेना. मी आत जाऊन आईच्या हातातून फोन घेतला आणि आत्याला, आईला, दोघींना एकदमच सांगितलं. पाणी भरलं नव्हतं. भरलं म्हणून खोटं बोलले. दिवा आत गेला असता तर आई राहिली नसती. आई पलंगावर बसली. म्हणाली, "आन् मी त्यांलाच बोलले." मला ती काहीच बोलली नाही. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी हार काढला, टाकी अंगणात ओढत आणली आणि काठोकाठ भरली. पूजा नुसत्या फुलांनी झाली. दिवा देवघरात लागला.

टाकी अजून दुरुस्त व्हायची होती, म्हणून दसऱ्याला आम्ही बसनं देगलूरला गेलो. आत्यानं आपट्याची पानं हातात घेतली आणि भावाच्या बोटावरचा फोड पाहिला. "लई भाजलं का रे?"

अण्णांनी बोट उलटसुलट करून बघितलं. माझ्याकडे वळले. "हे कशानं भाजलं, बाई?"

आदल्या दुपारपासून त्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा मी सगळं सांगितलं, खोटं बोलले त्या वाक्यासकट. पहिल्यांदा सांगताना रडले होते. ते दर वेळी नव्यानं ऐकत होते. ऐकून झाल्यावर बराच वेळ पानं चाळवत बसले.

"मंग आता भरलंस का पाणी?"

"भरलं, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"घरी गेल्यावर वाजवून बघतो," ते म्हणाले.

संध्याकाळी नांदेडला उतरलो. अण्णांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. तसेच अंगणात गेले आणि टाकी वाजवून पाहिली.