माडातला भुंगा आणि त्याचे भाडेकरू

"हे घरात राहणार असेल तर मी बाहेर राहते," बिस्किटांचा पत्र्याचा डबा हातभर लांब धरून आई ओरडली. डब्यात उसाच्या कांड्या होत्या आणि कांड्यांवर सोंड्या भुंगे, लालसर, अंगठ्याच्या पेराएवढे. अंधेरीतल्या चाळीत आमच्या दोनच खोल्या, तिचं काही चुकलं नव्हतं. पण मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुंग्या माझ्या भुंग्यांचा फडशा पाडायच्या, मग ठेवू कुठे? भुंग्याच्या अंगात राहणारे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जंत, हा माझा विषय. लोक हसायचे. हसू देत!

भुंगे दिले होते आमच्या मासळीवाल्या मावशीने. ती मढहून खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसून वर्सोव्याला उतरायची आणि पाटी घेऊन आमच्या चाळीत यायची. एकदा कोलंबीचे वाटे लावता लावता म्हणाली, "ए बाय, तू किडं शिकतंस ना? मंग माज्या माडाला बघ की गो. वालत चाललाय." तिच्या दारात दोन माड. त्यातल्या आजारी माडाच्या खोडाला मी कान लावला, तर आतून कुरुकुरु चावल्याचा आवाज. भुंग्याच्या अळ्या माड आतून पोखरत होत्या.

तिथले भुंगे घेऊन आले. पहिलाच कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि किंचाळलेच. आत जंतच जंत, वळवळणारे! दुसऱ्यातही तेच. तशीच मढला पळाले.

"मावशी, तुझ्या भुंग्यांच्या पोटात जंत झालेत!"

"मंग मरतील मेले?"

"मरायला तरी हवेत."

तिने समुद्राकडे बघून हात जोडले. त्या दिवशी पापलेट घेतल्याशिवाय तिने मला तरीत बसू दिलं नाही.

पण मरतायत कसले! जंतवाले भुंगे डब्यात मजेत ऊस कुरतडत होते, अंडी घालत होते. रोज सकाळी डबा उघडायचा आणि ते जिवंत बघून वैतागायचं, हेच चाललं होतं. आमचे सर म्हणाले, "अगं, भाडेकरू आहेत ते. मालकाला मारून राहतील कुठे?" काही तर भुंग्याच्या पंखांखाली बसून नव्या माडापर्यंत फुकट जातात म्हणे. प्रबंधासाठी झकास माहिती, पण मावशीच्या माडाची वाट लागली. मला त्या जंतांचा असा राग आला की काय सांगू! त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष?

तिला सांगायला गेले तेव्हा आजारी माडाचा शेंडा खाली पडला होता. मावशी दुसऱ्या, चांगल्या माडापाशी कोयता घेऊन उभी होती. त्याच्या खोडावर चढण्यासाठी पायऱ्यांसारख्या खाचा होत्या आणि हात पोचेल तिथपर्यंतच्या ती नव्याने तासत होती.

"हे काय करतेस?"

"घोवानं पाडलेल्या हायत. पावसानं झिजल्या. आला का पयला माडावर चढंल, शहालं लागतं त्याला."

तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परत आलाच नव्हता. प्रेतही मिळालं नव्हतं. त्याला कैक पावसाळे लोटले होते, आणि दर वर्षी ती दोन्ही माडांच्या खाचा अशा ताज्या करत होती.

मला रडूच फुटलं. सांगू की नको? पण गप्प बसले असते तर हाही माड गेला असता.

"मावशी, भुंगा तिथूनच शिरतो गं. ओल्या खाचेच्या वासावर येतो आणि तिथेच अंडी घालतो. जंत त्याला काही करत नाहीत. तू आता खाचा तासू नकोस."

आता ती शिव्या घालेल असं मला वाटलं. पण तिने कोयता खाली ठेवला.

"मंग त्यानं चढायचं कसं?"

मी नुसता तिचा हात धरून बसले.

पुढच्या खेपेला गेले, तर खाचांवर काळंभोर डांबर थापलेलं आणि माडाला बांबूची उंच शिडी दोरीने घट्ट बांधलेली.

"बघ, हलते काय," म्हणत मावशी स्वतःच शिडीवर चढून उभी राहिली. "त्याचं वजन माज्याहून कमीच हाय."